चार वर्षे आणि एक दिवस कुठे गेले?

आज तुम्हांला एका विचित्र चोरीची हकीकत सांगतो. चोरीला गेले होते चार वर्षे आणि एक दिवस! चोर मात्र कोणीच नव्हता. कसे ते पाहा.

आमच्या महाविद्यालयाजवळच्या एका शाळेतील मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी ‘आपल्या गावचा पाऊस : काल आणि आज’ हा विषय घेतला होता. गेली काही वर्षे ती मुले शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून पाऊस मोजत आहेत. त्यामुळे ‘आज’ त्यांच्याकडे होता. ‘काल’ आणायचा कोठून? चौकशी करता समजले, की त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी १९९८ ते २००३ या सहा वर्षांत १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी पाऊस मोजून वहीत लिहिला होता. गुरुजी आता हयात नाहीत. वहीची बरीचशी पाने वाळवीने खाल्ली. पण त्यांची मुलगी त्या काळी एका छापखान्यात मॅक संगणकावर जुळणीचे काम करीत असे. तिने वडिलांच्या नोंदींचा तक्ता तेव्हाच संगणकावर उतरवला होता आणि पुढे प्रत्येक नव्या संगणकावर तो जपून नेला होता. म्हणजे त्या सहा पावसाळ्यांची पूर्ण नोंद जगात फक्त त्या एका फाइलमध्ये शिल्लक होती.

ताईंनी ती फाइल ई-मेलने पाठवली. शाळेचा संगणक विंडोजवर चालणारा. फाइल उघडली, तर वरचे मराठी मथळे म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! मुले म्हणाली, “मथळे गेले तरी चालेल. तारखा आणि आकडे तर नीट आहेत ना?” ते नीट दिसत होते. मुलांनी तारखांचा आणि पावसाचा असे दोन रकाने उचलले आणि आपल्या तक्त्यात आपल्या नोंदींच्या वर चिकटवले. आलेख काढला. आलेख सुरेख आला. मीही मान डोलावली.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, गुरुजी एक जूनला मोजायला सुरुवात करीत ना? मग आपल्या तक्त्यात प्रत्येक वर्ष एकतीस मेला का सुरू होते?”

पाहिले, तर खरेच! पहिली नोंद १ जून १९९८ ची असायला हवी, ती ३१ मे १९९४ ची झाली होती. शेवटची नोंद ३० सप्टेंबर २००३ ची, ती २९ सप्टेंबर १९९९ ची झाली होती. एकूण एक तारीख चार वर्षे आणि एक दिवस मागे! मूळ फाइल पुन्हा उघडली, तर तिच्यात मात्र १ जून १९९८ असेच होते. आता खरे कोणते? वाळवीतून वाचलेली वहीची पाने आणली. त्यांवर गुरुजींच्या अक्षरात १९९८ सालच होते.

ही चूक किती महागात पडली असती पाहा. २००२ साली भारतात मोठा दुष्काळ पडला. त्या वर्षीच्या जुलैत देशभरातला पाऊस सरासरीच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता. आमच्या आलेखात तो कोरडा जुलै १९९८ साली दिसत होता! आलेख तसाच प्रदर्शनात लागला असता, तर गुरुजींनी सहा वर्षे रोज सकाळी घेतलेले कष्ट खोटे ठरले असते आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते. कारण तारखा पावसाळ्यातल्याच दिसत होत्या.

असे का झाले, हे समजण्यासाठी आधी फाइलच्या पोटात शिरले पाहिजे.

फाइलमध्ये असते तरी काय?

फाइलमध्ये अक्षरे नसतात, तारखा नसतात, चित्रेही नसतात. असतात फक्त आकडे. ० ते २५५ यांपैकी एक आकडा मावेल एवढे एक घर, त्याला ‘बाइट’ म्हणतात. फाइल म्हणजे अशा घरांची लांबच लांब चाळ. कोणता आकडा म्हणजे काय, हे माणसांनी आपसांत ठरवलेले असते. त्याला आपण ‘संकेत’ म्हणू. लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा संकेत एक असेल, तर मजकूर जसाच्या तसा पोहोचतो. संकेत दोन झाले, की गोंधळ सुरू!

१९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाचा संकेत तयार झाला. त्यात ० ते १२७ अशा १२८ जागा आहेत. इंग्रजी मोठ्या ‘ए’ला ६५, छोट्या ‘ए’ला ९७, आणि याप्रमाणे पुढे. मॅक आणि विंडोज दोघांनीही हा संकेत पाळला. म्हणून साधे इंग्रजी वाक्य एकीकडून दुसरीकडे सुखरूप जाई.

पण बाइटमध्ये आकडे मावतात २५६. उरलेल्या १२८ जागांचे काय? तेथे ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे चिन्हे बसवली. मॅकने २१३ या जागी बाकदार अवतरणचिन्हाचा स्वल्पविरामासारखा तुकडा ठेवला. विंडोजमध्ये त्याच जागी डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ‘ओ’ होता. त्यामुळे मॅकवर लिहिलेले इंग्रजी ‘डोन्ट’ विंडोजवर उघडले, की मधल्या चिन्हाच्या जागी तो नागमोडी ‘ओ’ येऊन बसे. आकडा बदलला नव्हता. त्याचा अर्थ बदलला होता.

ओळ संपल्याची खूणही अशीच. टंकलेखन यंत्रावर नवी ओळ सुरू करताना दोन क्रिया होतात हे तुम्ही पाहिले असेल. गाडी डावीकडून उजवीकडे परत आणायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. संगणकात पहिल्या क्रियेला १३ आणि दुसरीला १० हा आकडा आहे. विंडोजने दोन्ही आकडे ठेवले. जुन्या मॅकने फक्त १३ ठेवला. युनिक्स नावाच्या प्रणालीने फक्त १० ठेवला, आणि २००१ साली आलेली मॅकची नवी प्रणाली युनिक्सच्या घराण्यातली असल्यामुळे तिनेही १० स्वीकारला. विंडोजमधील ‘नोटपॅड’ हा साधा प्रोग्राम २०१८ सालापर्यंत दोन्ही आकडे एकत्र असल्याशिवाय ओळ तोडत नसे. त्यामुळे मॅकवरची पन्नास ओळींची टिपणे तेथे एका सलग ओळीत धावू लागत!

पंचवीस : आधी पाच की आधी वीस?

आता एक गंमत. २५ हा आकडा आपण लिहितो तेव्हा आधी २ लिहितो, मग ५. पण वाचतो कसा? ‘पंच-वीस’. म्हणजे आधी पाच, मग वीस! इंग्रजीत मात्र ‘ट्वेंटी-फाइव्ह’, म्हणजे आधी वीस. दोन्ही बरोबर, फक्त ऐकणाऱ्याला रीत माहीत हवी.

संगणकातही हाच प्रश्न येतो. २५५ पेक्षा मोठा आकडा एका घरात मावत नाही, म्हणून दोन घरे घ्यावी लागतात. २००० म्हणजे ७ गुणिले २५६ अधिक २०८. घरांत भरायचे ७ आणि २०८. यांपैकी आधी कोण? १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये मोटोरोला ६८००० हा प्रक्रियक होता. तो मोठा भाग आधी ठेवी : ७, २०८. विंडोजचे संगणक इंटेलच्या प्रक्रियकावर चालत. तो लहान भाग आधी ठेवी : २०८, ७. एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचले, तर २०८ गुणिले २५६ अधिक ७, म्हणजे २००० चे ५३२५५ होतात!

या दोन रीतींना डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८० साली ‘मोठ्या टोकाचे’ आणि ‘लहान टोकाचे’ अशी नावे दिली. ‘गलिव्हरच्या प्रवासा’त अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून भांडणारे लोक आहेत ना, त्यांच्यावरून! २००६ साली मॅकमध्येही इंटेलचे प्रक्रियक आले आणि २०२० पासून ॲपलने स्वतःचे प्रक्रियक घातले; तेही लहान टोकापासूनच मोजतात. म्हणून हे भांडण आता मिटले आहे. जुन्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रामला मात्र दोन्ही रीती ठाऊक असाव्या लागतात.

दोन शक, एक आकडा

आता आपल्या चोरीकडे वळू. समजा, एखाद्या जुन्या कागदावर नुसते ‘१९२२ साली विहीर बांधली’ असे लिहिले आहे. हे साल शालिवाहन शकाचे की इसवी सनाचे? शके १९२२ म्हणजे इसवी सन २००० च्या गुढीपाडव्यापासून सुरू झालेले वर्ष. मोजणी कोठून सुरू केली ते लिहिले नाही, तर विहिरीचे वय ७८ वर्षांनी चुकेल.

एक्सेलसारख्या तक्त्याच्या प्रोग्राममध्ये तारीख हा असाच एक आकडा असतो. ठरावीक दिवसापासून किती दिवस झाले तो आकडा. तारखेचे रूप त्याला फक्त पडद्यावर दाखवताना देतात. आता गंमत अशी, की एक्सेल १९८५ साली आधी मॅकसाठी निघाले आणि १९८७ साली विंडोजसाठी. दोन्हींची निर्माती मायक्रोसॉफ्ट ही एकच कंपनी, पण दोघांचे ‘शक’ वेगळे!

मॅकवर १ जानेवारी १९०४ हा दिवस शून्य धरला. कारण मोठे सयुक्तिक होते. दर चार वर्षांनी लीप वर्ष येते, पण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर ते लीप वर्ष नसते. १९०० ला ४०० ने भाग जात नाही. म्हणून १९०४ पासून सुरुवात केली, की २०९९ पर्यंत ‘चारने भाग गेला की लीप’ एवढा एकच सोपा नियम पुरतो.

विंडोजवर १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला. त्या वेळी ‘लोटस १-२-३’ हा तक्त्याचा प्रोग्राम सर्वत्र चाले. त्यात १९०० हे लीप वर्ष मानण्याची चूक होती. लोटसचे तक्ते एक्सेलमध्येही तसेच चालावेत, म्हणून ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली गेली. कधीही न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आजही त्या मोजणीत आहे!

आता हिशेब करू. विंडोजच्या मोजणीत १ जानेवारी १९०४ चा क्रमांक किती? १९०० चे (चुकीचे) ३६६ दिवस, पुढील तीन वर्षांचे १०९५, मिळून १४६१. मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू, म्हणून आणखी १. एकूण १४६२. मॅकच्या मोजणीत त्याच दिवसाचा क्रमांक ०. म्हणजे दोन शकांत १४६२ दिवसांचे अंतर आहे. चार वर्षांचे दिवस १४६१, आणि वर एक दिवस. सापडली की नाही चोरी?

कोणता शक वापरला आहे याची खूण फाइलमध्येच नोंदलेली असते. म्हणून ताईंची फाइल जशीच्या तशी उघडली, तेव्हा तारखा बरोबर दिसल्या. पण मुलांनी रकाने उचलून दुसऱ्या तक्त्यात चिकटवले, तेव्हा आकडे तेवढे गेले. खूण मागेच राहिली. १ जून १९९८ चा मॅकमधला क्रमांक ३४४८५. तोच ३४४८५ मुलांच्या तक्त्याने आपल्या शकात वाचला आणि ३१ मे १९९४ अशी तारीख दाखवली. यंत्राने सांगितले तेवढे केले. चिकटवल्यावर ताडून पाहण्याचे काम आमचे होते, ते आम्ही केले नाही.

एक्सेलची २०११ सालापासूनची मॅकवरील आवृत्ती नवा तक्ता १९०० च्या शकातच उघडते. पण त्याआधीचे तक्ते जगभर पडून आहेत, आणि ते कधी कोणाच्या हाती येतील सांगता येत नाही.

मुखवटा उतरला!

आता त्या मराठी मथळ्यांचे काय झाले ते पाहू. वर पाहिलेल्या २५६ जागांत देवनागरीला जागा कोठे होती? नव्हतीच. मग मराठी छपाईसाठी एक युक्ती काढली गेली. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरी आकारांचा मुखवटा चढवायचा. फाइलमध्ये आकडा इंग्रजी अक्षराचाच, पण फाँट असा बनवायचा की पडद्यावर ‘क’ दिसावा. मुखवटा आहे तोवर नाटक उत्तम चाले. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला, की मुखवटा उतरे आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडत. शिवाय प्रत्येक फाँट बनवणाऱ्याचा मुखवटा वेगळा! त्या काळातील कितीतरी मराठी मजकूर आज याच कारणाने वाचता येत नाही.

यावर खरा उपाय म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा देणे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत तयार झाला. १९९१ साली जगातील लिप्यांसाठी ‘युनिकोड’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे. २३०४ ते २४३१ या १२८ जागा देवनागरीच्या. ‘पाऊस’ हा शब्द म्हणजे २३४६, २३६६, २३१४, २३६०. मॅकवरही हेच, विंडोजवरही हेच, आणि तुमच्या घरच्या मोबाइलवरही हेच!

मात्र युनिकोड फक्त अक्षर कोणते ते सांगते. त्याचा आकार फाँट ठरवतो. विंडोजमध्ये मंगल किंवा निर्मला हा फाँट असतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी. नेमलेला फाँट सापडला नाही, तर संगणक जवळचा दुसरा घेतो. अक्षरांची रुंदी थोडी बदलते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि चार पानांचा निबंध पाच पानांवर जातो. शब्द मात्र शाबूत राहतात.

मग करायचे काय?

आता तुम्हीही प्रकल्प संगणकावर लिहिता. घरी एक प्रकारचा संगणक, शाळेत दुसऱ्या प्रकारचा, असे होणारच. तेव्हा एवढे लक्षात ठेवा.

मराठी नेहमी युनिकोडमध्ये लिहा. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, तारा, अपूर्णविराम, तिरकी रेघ किंवा दुहेरी अवतरण घालू नका. ‘पाऊस किती?’ हे नाव मॅकला चालते, विंडोजला चालत नाही. दोन्हीकडे न्यायचा पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने आखून घ्या. तो दोन्हीकडे वाचता येतो आणि त्यावर दोन्हीकडे लिहिताही येते. पण आखताना पेनड्राइव्ह कोरा होतो, म्हणून त्यावरचे काम आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. काम फक्त वाचायला किंवा छापायला द्यायचे असेल, तर पीडीएफ करून द्या. १९९३ साली निघालेल्या या प्रकारात फाँट बरोबर बांधून पाठवता येतो, म्हणून पान सर्वत्र सारखे दिसते. आणि तारीख लिहाल तेव्हा वर्ष चार आकड्यांत लिहा. तक्ता चिकटवल्यावर पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन नोंदी मूळ कागदाशी ताडून पाहा.

करून पाहा

१) शाळेतील संगणकावर एक्सेलमध्ये एका घरात ६० लिहा आणि त्या घराला तारखेचे रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस तुम्हांला भेटेल! तोच आकडा लिब्रऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये लिहून पाहा. तेथे २८ फेब्रुवारी दिसेल. १ मार्च १९०० नंतरच्या तारखा मात्र दोन्हींत जुळतील.

२) दुसऱ्या घरात ३४४८५ लिहून तारीख पाहा. मग त्यात १४६२ मिळवा. काय दिसले?

३) डॉकएक्स प्रकारच्या एखाद्या लेखाची नक्कल करा. मूळ फाइलला हात लावू नका! नकलेच्या नावातील शेवटचा ‘डॉकएक्स’ हा भाग बदलून ‘झिप’ करा आणि ती उघडा. आत लहान लहान फाइलींचे गाठोडे दिसेल. ‘वर्ड’ नावाच्या कप्प्यातील ‘डॉक्युमेंट’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत, तर खुणांच्या गर्दीत तुमची वाक्ये सापडतील. २००७ पासून रूढ झालेल्या या प्रकाराचे नियम प्रसिद्ध केलेले आहेत, म्हणून मॅक, विंडोज आणि इतर कोणीही ते वाचू शकतो.

आमच्या मुलांनी पुढे काय केले? एका रिकाम्या घरात १४६२ लिहिले आणि ते सर्व तारखांत मिळवले. मग वहीच्या उरलेल्या पानांशी एकेक नोंद ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या. कोरडा जुलै २००२ सालात जाऊन बसला. मथळे ताईंना फोनवर विचारून युनिकोडमध्ये पुन्हा लिहिले, आणि तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ घातली : ‘या तक्त्यातील तारखा १९०० च्या मोजणीने आहेत.’

वहीची उरलेली पाने शाळेने आता काचेच्या कपाटात ठेवली आहेत. तुमच्या घरी किंवा शाळेत कोणाच्या अशा जुन्या नोंदी वहीत किंवा फाइलमध्ये पडून आहेत का? या सुट्टीत शोधून काढा. सापडल्या, तर संगणकावर उतरवा. मात्र वही टाकून देऊ नका बरे!